जुन्या पिकअपला पॉवर स्टिअरिंग

महिंद्रा कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. वर्गात हे सांगितले की मुले पुस्तक मिटून ऐकतात. १९४७ पासून विलिस जीपची जुळणी करणाऱ्या या कंपनीचे जीपच्या घराण्यातले जुने पिकअप आमच्या भवानी पेठेत अजून दिसतात. इंजिन दमदार, पत्रा जाड, पण स्टिअरिंग असे जड की भरल्या गाडीने बोळातून वळायचे म्हणजे आखाडाच.

आमच्या शेजारचे चाचा असाच पिकअप चालवतात. पहाटे सिद्धेश्वर मार्केट यार्डातून कांदा उचलायचा आणि दुकानोदुकानी पोचवायचा, यावर त्यांचे घर चालते. मधुमेहाने त्यांचा उजवा खांदा आखडला. मुलगा पुण्यात. लेकीने लायसन्स काढले, पण उभ्या गाडीचे चाक तिच्याने वळेना. गाडी विकावी तर भंगाराचा भाव, आणि रोजी तर तिच्यावरच. तेव्हा पॉवर स्टिअरिंगचा विषय निघाला.

आधी एक स्वस्तातली गोष्ट. स्टिअरिंग जड होण्याचे निम्मे कारण बहुधा दुर्लक्ष असते. टायरमध्ये हवा कमी, किंग पिनला वर्षानुवर्षे ग्रीस नाही, स्टिअरिंग बॉक्समधले तेल आटलेले. त्यात पोरे हौसेने मूळचे मोठे चाक काढून छोटे, दिखाऊ चाक बसवतात. शाळेतला तरफेचा धडा इथे आठवावा. चाक जेवढे मोठे तेवढा जोर कमी लागतो. जुन्या गाड्यांचे ते थाळीएवढे चाक हेच त्या काळचे पॉवर स्टिअरिंग होते!

चाचांनी हे सगळे करून घेतले. फरक पडला, पण खांद्याला पुरेल एवढा नाही.

खरे पॉवर स्टिअरिंग अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ मध्ये चालवून दाखवले आणि विक्रीच्या मोटारीत ते १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये आले. रचना समजायला सोपी आहे. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो, तो तेल दाबाने बॉक्समध्ये पाठवतो. आपण चाक ज्या बाजूला वळवू त्या बाजूला झडप तेल सोडते आणि ते तेल आपल्या वतीने ढकलते. म्हणजे पंप, त्याचा ब्रॅकेट आणि पुली, तेलाची टाकी, दाबाची व परतीची नळी आणि नवा बॉक्स एवढे सामान लागते. बॉक्स सहसा नंतरच्या एखाद्या मॉडेलचा घेतात. तिथेच पारख हवी. काही बॉक्सचा आर्म उलट्या दिशेने फिरतो; तसला बसला तर चाक उजवीकडे आणि गाडी डावीकडे. शिवाय नव्या बॉक्सचा जोर मोठा. जुनी चासी बॉक्सच्या जागी तडकलेली असेल तर आधी ती जागा मजबूत करावी लागते.

पहिल्या गॅरेजवाल्याने ड्रॅग लिंक कापून, वेल्डिंगने लांबी जुळवून देतो म्हटले. चाचांनी गाडी तिथून हलवली. आम्हाला म्हणाले, "मास्तर, भर रस्त्यात ते वेल्डिंग तुटलं तर मी कुणाला हाक मारू?" आमच्या मते याहून शहाणा प्रश्न नाही. योग्य लांबीची लिंक मिळवायला वेळ लागला, तो लागू दिला.

कागदाचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत कडक भूमिका घेतली. म्हणून सामान घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना लेखी विचारावे. अपघातानंतर विमावाल्याने गाडीखाली वाकून पाहिले तर तोंडी उत्तर कामाला येत नाही.

काम झाल्यावर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात, म्हणजे तेलातली हवा निघते. टोकाला चाक दाबून धरू नये, पंप तापतो. वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नसेल तर अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टर तपासून घ्यावा. जुन्या गाडीत तो हलकेपणासाठी मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडण्याची जुनी खोड मोडावी लागते. इंजिन थांबले की पंप थांबतो. चाक फिरते, पण पहिल्याहून जड. चाचांनी रिकाम्या मैदानात गाडी हळू चालू असताना इंजिन बंद करून लेकीला हे दाखवले. तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.