आजोबांच्या रंध्याचे सुटे भाग

माळ्यावरची हत्यारांची पेटी उघडली, की तळाशी कधीकधी एक गंजलेला लोखंडी रंधा सापडतो. अंगावर 'बेली' ही अक्षरे आणि ५ हा आकडा. आजोबांच्या हातचा म्हणून टाकवत नाही. पण मुठीचा स्क्रू हरवलेला, पाते झिजलेले, म्हणून वापरताही येत नाही. 'याचे सामान आता कुठे मिळणार?' असे कुणीतरी म्हणते आणि रंधा भंगारवाल्याकडे जातो.

इतकी घाई कशाला? लेओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या रंध्यांचे हक्क स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली घेतले. इंग्लंडच्या रेकॉर्डने १९३१ पासून तोच नमुना उचलला, पुढे भारतातही तसेच रंधे बनू लागले. त्यामुळे सामान आहे. मात्र दिसायला सारखे ते बसायला सारखे असतेच असे नाही.

खरी गोम आट्यांत आहे. स्टॅन्लेच्या मुठीचा स्क्रू सुमारे साडेपाच मिलिमीटर जाडीचा, इंचाला २० आट्यांचा. बाजारात पाव इंची स्क्रूलाही २० आटे मिळतात आणि दुकानदार 'हाच तो' म्हणून हातात ठेवतो. तो जाड असतो. जोर करून पिळला, की बिडाच्या अंगातले मूळ आटे गेले. मग अस्सल स्क्रू मिळूनही उपयोग नाही. नमुना दाखवला, तर चांगला लेथवाला तसाच स्क्रू कातून देतो. पात्यामागच्या पितळी चाकाला तर बहुधा उलटे आटे असतात. ते माहीत नसल्याने किती रंध्यांची हकनाक मोडतोड झाली असेल!

पाते मिळणे त्या मानाने सोपे. ४ आणि ५ नंबरला २ इंच रुंदीचेच पाते लागते. फार जाड पाते मात्र घेऊ नये. रंध्याच्या तोंडातून ते जात नाही, आणि तोंड कानशीने वाढवले की पुन्हा लहान होत नाही. पात्यावरच्या लोखंडी टोपीची खाचही मोजून घ्यावी. ती पुढे-मागे असली, तर पाते हवे तेवढे खालीवर होत नाही.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे त्याच बनावटीचा, शक्यतो त्याच काळातला, फुटका रंधा विकत घेणे. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार धुंडाळताना आपला रंधा पिशवीत न्यावा आणि भाग तिथेच लावून पाहावा. ५ नंबरला ४ नंबरचे बरेच भाग चालतात. मागची मूठ मात्र नाही, कारण ५ नंबरच्या मुठीला पुढे आणखी एक स्क्रू असतो. ती मूठ जाणता सुतार शिसवी लाकडात घडवून देतो.

हे सारे करण्याआधी रंधा रॉकेलने पुसून त्याचे तोंड उजेडात नीट पाहावे. तिथून अंगाला तडा गेला असेल, तर नव्या सामानावर पैसे घालू नयेत. त्याचे स्क्रू, पाते, पितळी चाक काढून डब्यात जपून ठेवावे. दुसऱ्या कुणाच्या आजोबांचा रंधा नेमका तेवढ्यासाठी अडलेला असतो.