पितळ उघडं पडण्याआधी

परवा टेक्सासहून भाच्याचा फोन आला. त्याला नेमबाजीचा नाद आहे आणि हल्ली तो काडतुसंही घरीच भरतो. म्हणजे उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा आकारात आणायची, बुडाला नवी टोपी, आत दारू, तोंडाशी नवी गोळी. तिथे हा कायदेशीर छंद आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे घरातल्या उत्साही मंडळींनी लक्षात ठेवावं!) बंदूक असावी की नसावी हा वाद आज नको. माझं भांडण वेगळं आहे.

पठ्ठ्याने सरावाच्या मैदानावर पडलेल्या, कुणाकुणाच्या, डबाभर पुंगळ्या स्वस्तात आणल्या आणि घासून लखलखीत केल्या. मी विचारलं, "कशा निवडल्यास?" तर म्हणतो, "मावशी, पितळ ते पितळ. बघ ना कशा चमकतायत!"

इथेच माझं डोकं फिरलं.

जन्मभर घंगाळं आणि तांबे चिंचेने घासलेली बाई मी. चकाकी पितळेचं वय सांगत नाही. पुंगळीच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. ते ठोकलं, ताणलं की कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला विचारा, भांडं ठोकताना मध्येच तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर चिरतं. पुंगळीचंही तेच. बार उडाला की ती फुगते, मग साच्यात आवळली जाते आणि दर खेपेला तिची मान कडक होते. शेवटी तडकते. म्हणून कारखान्यात मानेला आच देतात. त्याचा डाग फिनलंडच्या लापुआ कंपनीच्या कोऱ्या पुंगळ्यांवर चांगला दिसतो. आमचे चिरंजीव तो पाहून "मळकट" म्हणून बाजूला टाकणार!

मानेचा तडा निदान दिसतो. खरी भीती बुडाजवळ. रायफलीच्या पुंगळीची भिंत बुडाच्या जरा वर ताणून पातळ होत जाते आणि एक दिवस तिथेच दुभंगते. मग तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. त्याआधी बाहेरून एक चकचकीत कडं दिसतं. पण सगळीच पुंगळी चकचकीत केलीस, तर ते ओळखणार कसं?

शिवाय डब्यात दहा जातींचा माल. लष्करी पुंगळी बहुधा जाड, म्हणजे आत जागा कमी. तेवढीच दारू घातली तरी दाब वाढतो. पितळ ते पितळ म्हणे!

घासण्याचाही इतिहास ऐका. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातली ब्रिटिश फौज पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवायची. ती न उडवताच तडकू लागली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुतज्ज्ञांनी १९२१ साली याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतापासून होणारा अमोनिया ताणलेल्या पितळेला फोडत होता. काही बाजारी पॉलिशांतही अमोनिया असतो. म्हणजे पैसे मोजून तबेला घरात आणायचा!

"पण मावशी, पैसे वाचवायलाच तर हा उद्योग ना?" कबूल. काटकसर मला कुणी शिकवायला नको. पण जुनं भांडं घेताना आपण ते उलटं करून, वाजवून घेतो की नाही? ज्या पुंगळीचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ती फुकट मिळाली तरी महागच. त्यापेक्षा एकाच कंपनीची कोरी काडतुसं घे, आपल्याच रायफलीतून उडव आणि त्याच पुंगळ्या जप. कितव्यांदा भरल्या ते डब्यावर लिही. शंका आली की सरळ मोडीत. यातही पैसे वाचतात, आणि पुंगळीची कुंडली आपल्या हातात राहते.

असो. घरातलं कुणी त्याच्याशी बोलणार असेल तर माझा निरोप द्या. आपल्याकडे पितळ उघडं पडलं तर फार तर चारचौघांत नाक कापलं जातं. तिथे डोळा जाईल, बाळा.