*जुन्या पिकअपचा सायलेन्सर: दुकानातल्या भावावर नाही, गाडीच्या फेऱ्यांवर निवडा*



आजचा संदेश फवारणीचा नाही आणि बाजारभावाचाही नाही. गाडीचा आहे. आपल्या बऱ्याच सभासदांकडे दहा-बारा वर्षं जुनी पिकअप आहे. माल शेतातून संकलन केंद्रावर, तिथून पिंपळगाव-लासलगाव, कधी कसारा घाट उतरून वाशी. गाडी जुनी असली तरी घर तिच्यावर चालतं. आणि जुन्या गाडीचा सायलेन्सर एक दिवस फुटतोच.

फुटला की काय होतं? गाडी भरलेली असते, मिस्त्री म्हणतो "हा घ्या, स्वस्तात बसवतो", आणि आपण बसवून मोकळे होतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. वाहतुकीचं काम पाहताना हे सारखं दिसतं, म्हणून माझं मत सरळ मांडतो: *सायलेन्सर आवाजावर निवडू नका, नुसत्या किमतीवरही नको. गाडी रोज कशी चालते आणि अजून किती वर्षं ठेवायची आहे, यावर निवडा.* आणि फुटका असेल तर "हंगाम संपल्यावर बघू" म्हणू नका. कारण पुढे सांगतो.

*१) आधी खात्री करा, सायलेन्सरच गेलाय का?*
आवाज वाढला म्हणजे सायलेन्सर गेला असं नसतं. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर इंजिनाजवळून टक-टक येते आणि गरम झाल्यावर कमी होते, तर बहुतेक वेळा मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलेलं असतं. इंजिनाजवळचा जाळीचा लवचिक पाइप फाटला तरी असाच आवाज येतो. तो पाइप वारंवार फाटत असेल तर इंजिनाचे फाउंडेशन रबर तपासा. इंजिन जास्त हलतंय म्हणून पाइप तुटतो; नवा सायलेन्सर बसवून ते थांबणार नाही.

घरच्या घरी तपासायचं असेल तर गाडी थंड असताना चालू करा. दुसऱ्या माणसाने जाड ओला फडका मागच्या पाइपाच्या तोंडावर दोन-तीन सेकंदच धरायचा. जिथे फट आहे तिथून फस्स असा आवाज येतो. जोडाभोवती काळी काजळी दिसली तरी तीच फट समजा. गाडी गरम असताना हे करू नका.

*२) सायलेन्सर आतून सडतो*
चिखल आणि पावसाचं पाणी बाहेरून पत्रा खातं, हे सगळ्यांना दिसतं. पण आतलं पाणी दिसत नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या फेरीत पाइप चांगला तापतो आणि ती वाफ बाहेर जाते. पण शेतातून केंद्रापर्यंत दोन-तीन किलोमीटर आलात, गाडी बंद केली, तासाने पुन्हा तेवढंच गेलात, तर सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी डब्यात साचतं, धुरातल्या वायूंमुळे ते आंबट होतं आणि पत्रा आतून खातं.

म्हणून "माझी गाडी कुठे जास्त चालते, मला साधाच बस झाला" हा हिशोब उलटा आहे. रोज वाशीला जाणाऱ्या गाडीपेक्षा शिवारात फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर सडू शकतो. चांगल्या पत्र्याची गरज तिलाच जास्त.

अजून एक. डब्याच्या खालच्या बाजूला बऱ्याच कंपन्या बारीक भोक ठेवतात. ते पाणी गळून जायला असतं. "इथून लीक आहे" म्हणून त्यावर वेल्डिंगचा ठिपका मारून घेऊ नका.

*३) पत्रा कोणता घ्यायचा?*
बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. साधा लोखंडी पत्रा, वरून काळा रंग: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी सडणारा. दुसरा अॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा: मधला मार्ग, पण वेल्डिंगच्या जागी थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. तिसरा स्टेनलेस. त्यात ४०९ आणि ३०४ हे ग्रेड ऐकायला मिळतील. ४०९ वर वरवरचा तांबूस गंज येतो, पण तो साध्या पत्र्यासारखा आरपार लवकर जात नाही. ३०४ सगळ्यात टिकाऊ आणि महाग.

चुंबक लावून पारख करायची सवय आपल्याला आहे. पण ४०९ स्टेनलेसला चुंबक चिकटतो. त्यामुळे चिकटला म्हणजे दुकानदार खोटं बोलतो असं नाही, आणि नुसती चकाकी आहे म्हणजे स्टेनलेस आहे असंही नाही. ग्रेड बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर साधा पत्रा समजून भाव करा.

गेजमध्येही गफलत होते. आकडा मोठा तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २२ गेज त्याहून बराच पातळ. "बावीसचा देतो, मोठा आहे" यावर जाऊ नका.

हिशोब महिन्यावर करा. समजा साधा सायलेन्सर २,५०० रुपयांना मिळाला आणि १५ महिने टिकला, तर महिन्याला सुमारे १६७ रुपये पडले. चांगला ५,००० ला मिळाला आणि ४ वर्षं टिकला, तर महिन्याला १०४. वर प्रत्येक वेळची मजुरी आणि बुडालेली फेरी वेगळी. आकडे तुमच्या बाजारातले घाला, रीत हीच ठेवा.

पण उलट बाजूही खरी आहे. गाडी वर्ष-दीड वर्षात काढायचीच असेल, चेसीला गंज आणि इंजिन थकलेलं असेल, तर महाग सायलेन्सर म्हणजे पडक्या घराला सागवानी दार. तिथे नीट मापाचा साधाच घ्या.

*४) माप जुळलं पाहिजे*
गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेला सायलेन्सर वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. चांगला कारागीर असेल तर तो उत्तम बनवतो. प्रश्न मापाचा आहे. पाइप मूळपेक्षा बारीक झाला तर धूर बाहेर पडायला अडतो. इंजिनाला तो ढकलण्यात जोर घालवावा लागतो. गाडी घाटात ओढत नाही, जास्त तापते, काळा धूर टाकते आणि डिझेल जास्त पिते. टर्बोच्या गाडीला हे आणखी जाचतं. उलट पाइप जाड केला म्हणून आपल्या मालवाहू गाडीला ताकदही चढत नाही. आवाज तेवढा वाढतो.

म्हणून जुना सायलेन्सर काढल्यावर लगेच भंगारात टाकू देऊ नका. पाइपाचा व्यास, डब्याची लांबी आणि हँगरच्या जागा नव्याशी लावून पाहा. दुकानात जाताना आरसी बुकावरचं मॉडेल, वर्ष आणि बीएस-३ की बीएस-४ हे पाहून जा. नाव तेच असलं तरी वर्षागणिक पाइपाचं वळण बदललेलं असतं.

*५) "आतलं काढून टाक, गाडी मोकळी पळेल"*
हे ऐकून डबा पोकळ करून घेणारे आपल्यातही आहेत. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. ते कानाचं समाधान आहे, चढावर त्याचा उपयोग नाही. त्यापायी पहाटे तीनला वाशीला निघताना अख्खी वस्ती जागी होते आणि चालवणाऱ्याच्या कानाशी पाच तास धडधड चालते. थकवा त्यानेही येतो.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत प्रत्येक वाहनाला, अगदी शेतीच्या ट्रॅक्टरलाही, आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. आवाजाचे आणि धुराचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी अडकू शकतं. भाजीच्या एका फेरीत एवढे सुटतात का, तुम्हीच सांगा.

*६) धूर कुठे जातो, हे सगळ्यात महत्त्वाचं*
पैशाची गोष्ट बाजूला ठेवा. फुटका सायलेन्सर केबिनच्या खाली किंवा हौद्याच्या मध्यावर धूर सोडतो. पावसात, थंडीत काचा बंद असतात. धूर जमिनीच्या फटीतून, गिअरच्या रबरातून आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. पेट्रोल आणि सीएनजीच्या गाडीत याचं प्रमाण डिझेलपेक्षा जास्त असू शकतं, म्हणून त्यांनी तर अजिबात चालढकल करू नये. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हा नियम सगळ्यांना माहीत आहे. तरीही खुडणीच्या दिवसांत मागे मजूर बाया आणि त्यांची लेकरं बसलेली दिसतात. ताडपत्री ओढलेली असते आणि खाली पाइप फुटलेला असतो. चालवणारा खिडकी उघडू शकतो, मागचे काय करणार? माझं म्हणणं एवढंच: बसवू नकाच. आणि गाडीचा पाइप फुटका असेल तर "फक्त आजच्या दिवस" म्हणूनही नको.

आगीचंही तसंच. फटीतून निघणारा गरम धूर कडबा, भुसा, ताडपत्री किंवा हौद्याच्या फळीवर लागला तर पेटायला वेळ लागत नाही. डब्यावरचा उष्णता अडवणारा पत्रा खडखडतो म्हणून काढून टाकू नका, त्याला क्लॅम्प मारून घ्या. वाळलेल्या गवतावर तापलेली गाडी उभी करू नका.

*७) बसवताना समोर उभं राहा*
▪ वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला लावा, नाहीतर अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. डिझेलची टाकी आणि नळी जवळ असेल तर पाइप उतरवूनच वेल्डिंग करा.
▪ हँगरचे रबर नवेच टाका. जुन्या रबरावर नवा सायलेन्सर लटकवला तर जोड तुटतो. तारेने बांधू नका.
▪ जोडाचं पॅकिंग आणि नटबोल्ट नवे घ्या.
▪ मागचा पाइप अर्ध्यावर कापून घेऊ नका. धूर खाली किंवा डाव्या बाजूला न सोडता बाहेर गेला पाहिजे, आणि पाइप इंधनाच्या नळीपासून लांब पाहिजे.
▪ एप्रिल २०१७ नंतरच्या बीएस-४ गाडीत पाइपावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे का ते आधी विचारा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात. "हे जाम झालंय, फेकून देऊ" असं कोणी म्हटलं तर काढलेला भाग घरी आणा आणि दुसऱ्याचं मत घ्या. तो काढून साधा पाइप टाकला तर पीयूसी आणि फिटनेसला अडचण होईल.
▪ काम झाल्यावर भरलेली गाडी एका चढावर नेऊन पाहा, मगच पैसे पूर्ण द्या.

जोडाजवळ एखादं भोक असेल आणि बाकी पत्रा जाड असेल, तर वेल्डिंगने भागतं. उगाच नवा घेऊ नका. पण थंड गाडीच्या डब्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. आत खडखडलं किंवा पत्रा दबला, तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. आतला तुटलेला पत्रा वाटेत आडवा आला तर ऐन घाटात गाडी ओढायची थांबते.

या आठवड्यात एकदा गाडीखाली डोकावून पाहा. ज्यांना सायलेन्सर बदलायचा आहे त्यांनी गाडीचं मॉडेल आणि वर्ष संकलन केंद्रावर नोंदवा. एकाच मॉडेलच्या पाच-सहा गाड्या निघाल्या तर खतासारखाच याचाही भाव एकत्र विचारू, ग्रेड आणि गेज बिलावर लिहून घेऊनच.

संदेश आपल्या गटातल्या गाडीवाल्यांना पुढे पाठवा. जे गाडी चालवतात पण मोबाइल पाहत नाहीत, त्यांना वाचून दाखवा.

– वाहतूक नियोजन, आपली शेतकरी उत्पादक कंपनी