भाकरी मोडणारा हात

कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) शाळा स्थापन केली, त्यास आता पाऊण शतक लोटले. तथापि रुग्णाचे स्वावलंबन मोजण्यास या क्षेत्रातील संशोधक आजही सर्रास वापरतात ती, १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली बार्थेल श्रेणी, भोजनाच्या प्रकरणी अन्न कापता येते काय, लोणी लावता येते काय, हेच विचारते. जमिनीवर बसून एका हाताने भाकरी मोडणाऱ्या, उकिडवे बसून चूल पेटविणाऱ्या शेतमजूर स्त्रीचे सामर्थ्य तीत कोठे नोंदले जावे? हा निव्वळ तांत्रिक दोष नव्हे, अन्यायच होय. अशा संशोधनास अनुदान मंजूर करणाऱ्या संस्थांनी, प्रश्नावली रचतानाच अशा स्त्रियांचा सल्ला घेतला जावा, ही अट मंजुरीच्या हुकुमातच दाखल करावी.