उमेदवारीचे दार आणि अभिप्रायाची कसोटी



'इंटर्नशिप' हा शब्द आता आपल्या घराघरांत रूढ झाला आहे. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या काळी यालाच 'उमेदवारी' म्हणत असत. शाळा सोडलेला मुलगा छापखान्यात, गिरणीच्या कचेरीत किंवा एखाद्या वकिलाच्या हाताखाली काही महिने अल्प वेतनावर, प्रसंगी बिनपगारी, काम शिके आणि मग त्याचे नाव हजेरीपटावर चढे. आज 'उमेदवार' म्हटले की निवडणूकच डोळ्यांपुढे येते. परंतु त्या शब्दाच्या पोटात 'उमेद', म्हणजे आशा, आहे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

कोठे जागा रिकामी आहे, हे त्या काळी मामा, काका किंवा शेजारी सांगत. आज ते काम संकेतस्थळ करते. मामाला उलट दहा प्रश्न विचारता येत असत: पगार किती, कचेरी कोठे, साहेब कसा आहे. संकेतस्थळाला असे विचारता येत नाही. म्हणूनच त्याची मांडणी अशी असावयास हवी की, वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहताच त्याचे उत्तर त्याला समोर दिसावे. ही मांडणी साधली आहे किंवा नाही हे ओळखावे कसे, याविषयी या वेळच्या सदरात दोन शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

मी राहते ते बॉटनी डाउन्स हे ऑकलंडच्या पूर्वेकडील उपनगर. २००१ साली उघडलेले मोठे बाजारकेंद्र, २००४ साली सुरू झालेले माध्यमिक विद्यालय आणि भोवताली भारत, चीन, कोरिया, दक्षिण आफ्रिका इत्यादी देशांतून येऊन स्थिरावलेली कुटुंबे, असे या वस्तीचे स्वरूप आहे. येथील विद्यापीठांचे वर्ष नोव्हेंबरच्या सुमारास संपते आणि उन्हाळ्याची सुट्टी फेब्रुवारीपर्यंत चालते. हाच उमेदवारीचा हंगाम. ऑकलंड विद्यापीठाच्या अभियांत्रिकी पदवीसाठी तर ८०० तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव अनिवार्य आहे. तो नसेल तर सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवी हाती पडत नाही. ज्यांचे वाडवडील येथेच नांदले, त्यांना ओळखीपाळखीतून एखादी जागा मिळून जाते. आपल्यासारख्या नव्याने आलेल्या कुटुंबांतील मुलांना अशा ओळखी कोठून असणार? विद्यार्थी संघटनांच्या मालकीची 'स्टुडंट जॉब सर्च' ही संस्था किंवा संगणकक्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी वेलिंग्टन येथे सुरू झालेला 'समर ऑफ टेक' हा उपक्रम यांचा आधार आहे खरा. परंतु शेवटी जाहिरातींची यादी हेच अशा मुलांचे दार. ते नीट उघडले नाही तर एका मुलाचा एक उन्हाळा फुकट जातो, आणि शिक्षणाच्या वयात असे उन्हाळे तीन-चारच असतात.

आमच्या परिसरातील काही तरुणांनी पूर्व ऑकलंडमधील लहान उद्योगांसाठी असेच एक नवे संकेतस्थळ तयार केले. त्यांनी आप्तेष्टांना त्याचा पत्ता पाठविला व "कसे वाटले ते कळवा" अशी विनंती केली. उत्तरे भराभर आली. "फारच छान", "अभिनंदन", "तुमचा अभिमान वाटतो". एका गृहस्थांनी निळा रंग थोडा गडद करण्याची सूचना केली. मुले सुखावली, पण काही आठवड्यांनी गोंधळली. पाहावयास येणारे पुष्कळ, आणि अर्ज मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! त्यांच्यातील एकाने मला विचारले, "काकू, तुम्ही इतकी वर्षे मुलांना शिकविले. सगळे छान म्हणतात, मग अर्ज का करीत नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर अध्यापक विद्यालयात शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते. सराव पाठाच्या वेळी मार्गदर्शक वर्गाच्या मागील बाकावर निरीक्षण वही घेऊन बसत. पाठाच्या शेवटी एखाद्या नवशिक्या शिक्षिकेने "मुलांनो, समजले का?" असे विचारले आणि वर्गाने एका सुरात "हो, बाई" म्हटले की, तिला वाटे, पाठ उत्तम झाला. वहीत मात्र शेरा असे: 'निरर्थक प्रश्न'. कारण "समजले का?" या प्रश्नाला मुले जे उत्तर देतात, ते बाईंविषयीच्या आदरापोटी, त्यावरून आकलनाचे माप निघत नाही. खरे माप हवे असेल तर फळ्यावर एक उदाहरण घालावे, एका मुलाला पुढे बोलवावे आणि त्याचा खडू कोठे अडखळतो ते पाहावे. "संकेतस्थळ कसे वाटले?" हा प्रश्न "समजले का?" याच जातीचा आहे. त्याला मिळणारे उत्तर प्रेमाचे असते, परीक्षेचे नसते.

संगणकशास्त्रातील जाणकारांनीही हेच तत्त्व आपल्या पद्धतीने मांडले आहे. जेकब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाच्या आधारे असा हिशेब मांडला जातो की, एक मनुष्य संकेतस्थळ वापरीत असताना त्यातील अडचणींपैकी सरासरी ३१ टक्के उघडकीस येतात. पाच माणसे झाली की हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर पोहोचते. म्हणून पंधरा माणसांना एकदम बसविण्यापेक्षा पाचांना बसवावे, दोष दूर करावेत, मग नव्या पाचांना बसवावे, हा नील्सन यांचा सल्ला. हा आकडा सरासरीचा आहे, सर्वत्र तंतोतंत लागू पडणारा नव्हे. मात्र गरीब संस्थेलाही परवडेल अशी ही परीक्षा आहे, हे त्याचे मर्म.

त्याप्रमाणे आम्ही बॉटनीच्या सार्वजनिक वाचनालयात पाच जणांना एकेक करून बसविले: एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, एक विद्यार्थी-व्हिसावर आलेली मुलगी, एक शाळकरी मुलगी, केवळ मोबाइल वापरणारा एक तरुण, आणि आपल्या मुलासाठी काम शोधणारी एक आई. प्रत्येकाला एकच काम सांगितले: "नोव्हेंबरपासून दहा आठवडे, बसने जाता येईल असे, पगार मिळणारे काम शोधा आणि अर्ज करा." जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, एवढीच सूचना. संकेतस्थळ तयार करणारा मुलगा शेजारी बसला होता. त्याला एकच अट घातली होती, ती म्हणजे मौन. ही अट पाळताना त्याची जी तगमग झाली, ती शिक्षकी पेशातील प्रत्येकास परिचित आहे. फळ्यापुढे अडखळणाऱ्या मुलाला उत्तर सुचवून टाकण्याचा मोह आवरणे, यासारखे कठीण काम नाही!

जे दिसले ते थोडक्यात सांगते. पहिल्या पानावर हसऱ्या तरुणांचे एक मोठे चित्र होते. मोबाइलवर त्या चित्राने सारा पडदा व्यापला, आणि खाली यादी आहे हे त्या तरुणाच्या ध्यानातच आले नाही. "येथे काहीच नाही" असे म्हणून तो उठू लागला. जागा खुली असल्यास हिरवा ठिपका, भरली असल्यास लाल, अशी योजना होती. युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांपैकी सुमारे एकाला या दोन रंगांतील भेद नीट कळत नाही. त्याने काय करावे? 'खुली' आणि 'भरली' हे दोन शब्द त्या ठिपक्यांपेक्षा अधिक काम करतील. फिकट राखी अक्षरे आईला वाचता येईनात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो मोजण्याची साधने फुकट मिळतात.

सर्वांत बोलकी घटना विद्यार्थी-व्हिसावरील मुलीची. तिने जाहिरात वाचली, नाव, पत्ता, शिक्षण भरले, बायोडाटा जोडला, आणि शेवटच्या पानावर तिला विचारण्यात आले, "आपण नागरिक किंवा कायम रहिवासी आहात काय?" येथे ३ नोव्हेंबर २०२५ पासून पात्र विद्यार्थ्यांना सत्रकाळात आठवड्यास २५ तास काम करण्याची मुभा आहे, आणि सुट्टीसाठी नियम निराळे आहेत. म्हणजे प्रश्न विचारणे गैर नव्हते. तो पहिल्या ओळीत असावयास हवा होता. तिची वीस मिनिटे गेली, याहीपेक्षा तिचा चेहरा उतरला, हे त्या मुलाला जवळून दिसले. पन्नास जणांच्या "फारच छान"मधून त्याला ते कधीच दिसले नसते.

याच प्रकारचा धडा फार मोठ्या प्रमाणावर भारतात मिळाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत सरकारने 'पंतप्रधान इंटर्नशिप योजना' प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. देशातील अग्रगण्य कंपन्यांतील जागा एकाच संकेतस्थळावर, वय २१ ते २४, मुदत बारा महिने, दरमहा ५,००० रुपये आणि सुरुवातीस एकदा ६,००० रुपये, अशी तिची रूपरेषा होती. पहिल्या फेरीत सुमारे १ लाख २७ हजार जागा जाहीर झाल्या. कंपन्यांनी सुमारे ८२ हजार निवडपत्रे देऊ केली. त्यांपैकी सुमारे २८ हजार स्वीकारली गेली, आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते सुमारे ८,७००. कामाचे ठिकाण दूर, काम मनाजोगते नाही आणि मुदत दीर्घ, ही प्रमुख कारणे पुढे आली. दुसऱ्या फेरीत मग कामाचे नेमके ठिकाण नकाशावर दाखविण्याची आणि आपल्या घरापासून ठरावीक अंतरातील जागा निवडून पाहण्याची सोय करण्यात आली.

या आकड्यांचे सारे खापर मांडणीवर फोडणे न्याय्य होणार नाही. परगावी खोली घेऊन राहणाऱ्यास पाच हजार रुपये पुरत नाहीत, हे कोणत्याही नकाशाने बदलत नाही. तथापि ठिकाणाची माहिती अर्जापूर्वी हाती येणे आणि निवडीनंतर येणे, यांत केवढा फरक आहे! पहिल्यात मुलगा विचार करून पाऊल टाकतो. दुसऱ्यात तो निवडपत्र हाती घेऊन घरी बसतो, आणि दुसऱ्या कोणाला मिळू शकली असती ती जागा रिकामी राहते.

अभिप्राय मिळाला म्हणजे तो जसाच्या तसा अमलात आणावा, असेही नव्हे. कोठे दुखते ते रोग्याने सांगावे. औषध कोणते, ते वैद्याने ठरवावे. "निळा गडद करा" ही सूचना औषधाची होती. तिच्यामागील दुखणे, अक्षरे वाचता येत नाहीत, हे होते. आणि अभिप्राय देणारे सारे एकाच पक्षाचे नसतात. आम्ही एका लहान कारखान्याच्या मालकांनाही विचारले. त्यांचे म्हणणे, जाहिरात भरण्याचे पान फार लांब आहे, आणि वेतनाचा रकाना ऐच्छिक असावा. पहिली तक्रार रास्त होती. ती दूर करण्यात आली. दुसऱ्या बाबतीत मात्र विद्यार्थ्यांचे म्हणणे नेमके उलट होते. 'योग्य वेतन दिले जाईल' या वाक्यापाशी पाचही जण थबकले होते.

अशा वेळी कोणाचे ऐकावे? माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या हाती कमी सत्ता आहे, त्याच्या बाजूने मांडणीने उभे राहावे. न्यूझीलंडमध्ये प्रौढ कामगाराचे किमान वेतन १ एप्रिल २०२५ रोजी ताशी २३.५० डॉलर ठरले, आणि त्याचा दरवर्षी फेरविचार होतो. २००० सालच्या रोजगार-संबंध कायद्याप्रमाणे ज्याला मोबदल्याची अपेक्षा नाही आणि मोबदला मिळतही नाही, तोच स्वयंसेवक. 'उमेदवारी' असे नाव दिल्याने कामगाराचा स्वयंसेवक होत नाही. तेव्हा वेतनाचा रकाना भरल्यावाचून जाहिरात प्रसिद्धच होऊ नये, असे मी सुचविले, आणि मुलांनी ते मानले. त्यामुळे एक-दोन जाहिराती कमी झाल्या. पण उरल्या त्यांवर विश्वास ठेवता येऊ लागला.

नव्या पाच जणांच्या फेरीतही अडचणी निघाल्याच. वेतन, ठिकाण, व्हिसा, मुदत असे सारे वरच्या बाजूस आणल्यामुळे काम नेमके काय करावयाचे, हेच खाली ढकलले गेले होते. एक दोष काढताना दुसरा शिरतो, हा पाठ टाचण दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. म्हणूनच परीक्षा एकदाच घेऊन भागत नाही.

आता आपणा वाचकांकडे येते. आपल्या घरातील मुले आज अशा अनेक गोष्टी निर्माण करीत आहेत आणि मोठ्या आशेने आपल्यापुढे ठेवीत आहेत. त्यांना कौतुक हवेच. ते अवश्य करावे. परंतु तेवढ्यावर थांबू नये. त्यांच्यासमोर बसून ती वस्तू वापरावी, जेथे अडेल तेथे "येथे मला कळत नाही" असे निःसंकोच सांगावे. आपण अडाणी ठरू, ही भीती बाळगू नये. ज्याला अडते, त्याचाच अभिप्राय मोलाचा. आणि तरुणांनो, तुम्हीही "कसे वाटले?" असे विचारण्याचे सोडा. काम सांगा, गप्प बसा आणि पाहा. तुमच्या पडद्यापलीकडे कोणाची तरी उमेद बसलेली आहे. ती कोठे अडखळते, एवढे दिसले तरी पुष्कळ झाले.

पुढील अंकी पुन्हा भेटू. शालोम.