अम्मीच्या नावाची शिष्यवृत्ती

माझी अम्मी सोलापुरात विड्या वळायची. मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, आणि संध्याकाळपर्यंत पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे बांधून कारखान्यात पोचवायचे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण योजनेतून शिष्यवृत्ती मिळते. अम्मीच्या ओळखपत्रावर ती मला मिळाली. रक्कम थोडी होती, पण वह्या आणि परीक्षेची फी भागायची. अर्जावर अंगठा उठवताना अम्मी दरवर्षी विचारायची, "कागद बराबर है ना, बेटा?" त्याच कागदांवर मी पुढे बी.एड.पर्यंत पोचले.

पाच वर्षांपूर्वी अम्मी गेली. चाळिसाव्याला मोठी दावत व्हावी असे मामूंचे म्हणणे होते. भावाने मंडप, बिर्याणी, भांडी असा हिशेब मांडला. मी म्हणाले, घरात कुराणखानी करू, गल्लीतल्या गरजूंना जेवण देऊ आणि उरलेल्या पैशांतून अम्मीच्या नावाने दहावीच्या मुलींना शिष्यवृत्ती देऊ. मामू चिडले. "लोक म्हणतील, आईच्या नावानं दोन घास घातले नाहीत." पण माणूस मेल्यावर त्याचे सगळे अमल थांबतात, तीनच चालू राहतात, ही हदीस आपण प्रत्येक मय्यतीनंतर ऐकतो: सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. बिर्याणीची देग त्या दिवशीच रिकामी होते. अखेर भाऊ माझ्या बाजूने उभा राहिला.

पहिल्या वर्षी मात्र चूक झाली आणि ती माझीच होती. दहावीत पहिल्या आलेल्या तीन मुलींना स्टेजवर बोलावून आम्ही पाकिटे दिली, फोटो काढले. तिघींच्याही घरी कमावते वडील होते. आमचे पैसे मिळाले नसते तरी त्या अकरावीला गेल्याच असत्या. चौथी आलेली मुलगी जुलै उलटला तरी कॉलेजात दिसेना, म्हणून मी तिच्या घरी गेले. आईच्या शेजारी बसून ती विड्यांना दोरा बांधत होती. प्रवेशाची फी आणि पुस्तके, एवढ्यावरच अडले होते. पुढच्या वर्षी आम्ही पैसे देऊ केले, तोवर तिचे लग्न ठरले होते. माझ्या आईच्या नावाचा पैसा तिच्याच धंद्यातल्या मुलीपर्यंत पोचला नाही, हे मला अजून टोचते.

म्हणून माझे ठाम मत झाले आहे की स्मृतिशिष्यवृत्ती हे गुणवंतांचे बक्षीस नसावे. या पैशांवाचून कोणाची शाळा सुटेल, हा एकच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर गुणपत्रिकेत सापडत नाही, वर्गशिक्षिकेला ठाऊक असते. आता आम्ही मे महिन्यातच शिक्षिकांना विचारतो आणि प्रवेशाच्या वेळी फी थेट कॉलेजात भरतो. स्टेज नाही, फोटो नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही आपलीच शिकवण आहे. गरिबाच्या मुलीला वर्गासमोर गरीब ठरवून आईचा सन्मान होत नाही.

पैशांचेही सांगते, कारण बरेच जण तिथेच अडतात. मोठी रक्कम बँकेत ठेवून व्याजातून शिष्यवृत्ती द्यावी, असा सल्ला मिळतो. व्याज नको असेल तर रक्कम गोठवायचीच कशाला? आम्ही चार भावंडे दरमहा पाचशे रुपये काढतो. वर्षाचे चोवीस हजार होतात, त्यात चार मुलींचा प्रवेश आणि पुस्तके होतात. जकात यात मिसळत नाही. जकातीचे हकदार सूरह तौबाच्या 60व्या आयतीने ठरवून दिले आहेत, तिचा हिशेब वेगळा. आमचा पैसा इमदादीचा आहे, त्यामुळे शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलीलाही तो देता येतो. अम्मीसोबत विड्या वळणाऱ्या बायका काही फक्त मुसलमान नव्हत्या.

सरकार आहे ना, असे कोणी म्हणेल. जरूर आहे, आणि हक्काची योजना सोडू नये. मुलींचे अर्ज मी स्वतः भरून देते. पण अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2022 मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद झाली, तेव्हा ती नववी-दहावीपुरतीच ठेवली गेली. शिवाय मंजूर झालेले पैसेही प्रवेशाच्या दिवशी हातात नसतात, आणि शाळा नेमकी त्याच दिवशी सुटते.

तुमच्या घरी कोणी गेले असेल तर फातेहा जरूर द्या, दुआ जरूर मागा. दावतीचा खर्च मात्र अर्ध्यावर आणा आणि जवळच्या शाळेत जाऊन एवढेच विचारा: यंदा कोण गळणार आहे? मामू पहिली दोन वर्षे माझ्याशी धड बोलले नाहीत. यंदा मे महिन्यात त्यांचा फोन आला. मामी जाऊन वर्ष होत होते. म्हणाले, "तेरे स्कूल में कोई बच्ची है क्या?"