उजळलेला ठिपका म्हणजे कर्करोगच का?

कर्करोगाची गाठ किरणोपचाराने मेली तरी त्या जागी वण उरतो. पुढे सीटी चित्रात तिथे गोळा दिसला, तर तो नुसता वण की पुन्हा उलटलेला रोग? क्ष-किरणांना आकार कळतो. पेशी जिवंत आहेत की नाहीत हे कळत नाही.

म्हणून रुग्णाला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर टोचतात. कर्कपेशी बहुधा भारी खादाड, त्या ती भराभर उचलतात. फ्लोरिनचा पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. त्यांवरून पेट यंत्र जागा शोधते. पण ठिपका धूसर. तो यकृतात की शेजारच्या बरगडीत? १९९८ साली पिट्सबर्ग विद्यापीठात पेट आणि सीटी एकाच यंत्रात बसवली गेली, तेव्हा ही पंचाईत बरीच मिटली.

तरी या जोडचित्राला ‘कर्करोगाचा फोटो’ म्हणणे मला मुळीच पटत नाही. तो साखरेचा नकाशा आहे. मेंदू तर नेहमीच उजळतो. उपचारानंतरची सूज उजळते, क्षयाची गाठही उजळते, आणि आपल्या देशात क्षय काही थोडा नाही! शंका उरली तर डॉक्टरांना तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो.